तीन फेजचं घर, पॉवरलाइन अडॅप्टर आणि वीज कंपनी: सल्ला हवा

अंगणवेल

नमस्कार मंडळी. आईबाबा तालुक्याच्या गावी राहतात. खालचा मजला जुना, दीड फुटी दगडी भिंतींचा. वर नंतर चढवलेला आरसीसीचा मजला. नेटचा राउटर वर आहे, कारण केबलवाल्याने वायर तिथेच आणून सोडली. खाली स्वयंपाकघरात आणि मागे पंपाच्या खोलीत वायफाय औषधालाही मिळत नाही.

बाबांचे गुडघे दुखतात. जिन्यातला दिवा, अंगणातला दिवा आणि टाकीचा पंप मोबाइलवरून किंवा वेळ लावून चालू-बंद व्हावा, एवढीच अपेक्षा आहे. भिंती फोडायला आईचा ठाम नकार. म्हणून विजेच्या वायरीतूनच नेट नेणाऱ्या पॉवरलाइन अडॅप्टरची जोडी आणली. खोक्यावर ६०० एमबीपीएस लिहिलंय. वरच्या एकाच खोलीत दोन्ही लावले की मस्त चालतात. एक खाली नेला की कधी आठ-दहा, कधी शून्य, आणि संध्याकाळी तर जोडणीच तुटते. घरात थ्री फेज आहे.

त्यात मामेभाऊ अमेरिकेहून एक्स-१० नावाच्या, विजेच्या वायरीतूनच हुकूम पाठवून दिवे चालू-बंद करणाऱ्या जुन्या मॉड्यूलचं खोकं घेऊन आलाय. त्याचं म्हणणं, मीटरपाशी दोन फेजमध्ये 'कपलर' टाकला की सिग्नल घरभर जाईल. पण मीटरच्या पेटीला कंपनीचं सील आहे. परवानगी मागायची तर कुणाकडे? आणि आता स्मार्ट मीटर येणार म्हणतात, त्याला या सगळ्याचा त्रास होईल का?

विजेचा_धक्का

अडॅप्टर परत करा, मेश वायफाय (घरभर ठेवायचे एकमेकांना जोडलेले छोटे राउटर) घ्या, विषय संपवा.

अंगणवेल

मेश शेजाऱ्यांचं आणून पाहिलं. जिन्याच्या वळणापर्यंत येतं, दगडी भिंतीपुढे मान टाकतं.

चहाबिस्कुट

पुढच्या बाकावर जागा धरली आहे. येऊ द्या.

हडसनकाठी

न्यू जर्सीहून लिहितोय. ताई, आधी ते खोकं मामेभावाला परत द्या. एक्स-१० ची अमेरिकन मॉड्यूल १२० व्होल्टची. बहुतेकांच्या आत ट्रान्सफॉर्मर नसतो, कपॅसिटरने व्होल्टेज पाडलेलं असतं. आपल्या २३० वर लावली तर धूर निघेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावूनही उपयोग नाही, कारण सिग्नल त्याच्या पलीकडे घरच्या वायरिंगमध्ये धड पोचणारच नाही.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ त्यात आहे. एक्स-१० हे स्कॉटलंडच्या ग्लेनरॉथीस गावातल्या पिको इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचं १९७५ चं काम. १९७८ पासून ते इथे दुकानांत मिळायला लागलं. विजेची लहर शून्यावरून जाते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा ठोका वायरीत सोडायचा. ठोका असला तर एक, नसला तर शून्य. एक हुकूम पोचायला जवळजवळ पाऊण सेकंद लागतो. गंमत म्हणजे तो ठोका दर अर्ध्या लहरीत तीनदा जातो, म्हणजे थ्री फेज असेल तर प्रत्येक फेजच्या शून्याशी जुळावा. विचार केला होता लोकांनी!

पण अडचण तेव्हाही हीच होती. इथे घरात १२० चे दोन लेग येतात, मध्ये न्यूट्रल. एका लेगवरचा सिग्नल दुसऱ्यावर जायचा तर बाहेरच्या खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यायचा, आणि तोवर त्यात जीव उरायचा नाही. कपडे वाळवायचं यंत्र दोन्ही लेगवर चालतं. ते लावलं की पोर्चचा दिवा अचानक हुकूम ऐकायला लागायचा, हा इथल्या जुन्या खेळाडूंचा ठरलेला किस्सा. त्यावर उपाय म्हणजे कपलर. तो घरातल्या ब्रेकर पॅनेलमध्ये, दोन पोलच्या ब्रेकरवर बसतो. मीटरपाशी नाही.

मीटर आणि पॅनेलच्या मध्ये बसतो तो वेगळा प्रकार, अख्ख्या घराचा ब्लॉकिंग फिल्टर. शेजाऱ्याचा सिग्नल आत येऊ नये आणि आपला बाहेर जाऊ नये म्हणून. तो बसवताना वीज कंपनीशी गाठ पडते. मेन ब्रेकर पाडला तरी मीटरकडून येणाऱ्या वायरी जिवंतच असतात. म्हणून आधी टाउनशिपचा परवाना काढायचा, मग कंपनीचा माणूस येऊन मीटर उपसून ठेवतो, इलेक्ट्रिशियन काम करतो, टाउनचा इन्स्पेक्टर पाहून जातो, टाउन कंपनीला 'कट-इन कार्ड' पाठवतं आणि मग मीटर परत बसतं. चार तासांच्या कामाला कागद जास्त. पण सील स्वतः कापायचा विचार इथेही कुणी शहाणा करत नाही.

अवांतर: वस्तू घेताना ती कुणाच्या सर्व्हरवर जगते ते बघा. २००५ साली आलेल्या इन्स्टिऑन या घरातले दिवे-बटणं चालवणाऱ्या प्रणालीचे सर्व्हर एप्रिल २०२२ मध्ये न सांगता बंद पडले. ज्यांचं सगळं मोबाइल अॅपवर होतं त्यांचे हब मुके झाले. भिंतीतली बटणं मात्र वायरीतून एकमेकांशी बोलत राहिली. जूनमध्ये वापरणाऱ्यांपैकीच काहींनी मिळून ती कंपनी विकत घेतली, ते वेगळं.

लघुलहरी

हडसनकाठी यांच्या माहितीत भर. ताईंचे अडॅप्टर म्हणजे एक्स-१० नव्हे. यांची लहर २ ते २८ मेगाहर्ट्झमध्ये असते, नव्या जातीत ८६ पर्यंत जाते. एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला एक सोय आहे. दोन फेजच्या वायरी एकाच पाइपातून जात असतील तर सिग्नल स्पर्शाविनाही थोडा पलीकडे झिरपतो. म्हणूनच तुम्हाला आठ-दहा मिळतात, नाहीतर शून्यच मिळालं असतं. बाकी खोक्यावरच्या ६०० वर जाऊ नका. तो आकडा दोन्ही दिशांची बेरीज आणि आदर्श वायर धरून असतो, आणि या गटातल्या बऱ्याच अडॅप्टरचं नेटचं पोर्टच मुळात १०० चं असतं.

आम्हा हौशी रेडिओवाल्यांचा या यंत्रांवर राग आहे, तो इथे काढत नाही. चांगल्या कंपन्या आमच्या पट्ट्यांत खाच ठेवतात, म्हणजे तिथे सिग्नल सोडत नाहीत. बिननावाच्या स्वस्त मालाबद्दल बोलायला नको.

खांबावरचा

मी वीज कंपनीतून निवृत्त झालो. अंगणवेल बाई, तुम्ही दोन प्रश्न एकत्र केलेत, ते आधी सोडवू.

एक, मीटर. खांबापासून मीटरपर्यंत सगळं कंपनीचं, मीटरच्या पुढे सगळं तुमचं. तुमच्या भागात तुम्ही परवानाधारक ठेकेदाराकडून काय वाटेल ते नीट करून घ्या. सॉकेटमध्ये अडॅप्टर खोचायला कुणाची परवानगी लागत नाही. कपलर टाकायचाच असेल तर मीटरनंतरच्या डीबीमध्ये (घरातल्या स्विच-फ्यूजच्या पेटीत), स्वतंत्र एमसीबीवर (आपोआप पडणाऱ्या स्विचवर), आणि त्या एमसीबीने सगळे फेज एकदम तुटले पाहिजेत. नाहीतर उद्या कुणी एक फेज बंद करून काम करायला बसेल आणि कपलरमधून तिकडे उलटा करंट आलेला असेल. फेज-फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात, कपॅसिटर त्या लायकीचा हवा. बाजारात मिळेल तो पंख्याचा कंडेन्सर टाकणारे महाभाग मी पाहिलेत.

दोन, फेज. तीन भावांची तीन घरं, अंगण एक, असं समजा. घरं म्हणजे फेज, अंगण म्हणजे न्यूट्रल. एका घरातली हाक दुसऱ्यात जायची तर अंगणातून किंवा भिंतीतून जाणार. सरळ इलाज हा की राउटर आणि खालचा सॉकेट एकाच भावाच्या घरात आणायचे. वायरमनला सांगून डीबीमध्ये एका सर्किटचा फेज बदलला की काम झालं, फक्त लोड पुन्हा वाटून घ्या.

पण मला तुमचं एक वाक्य खटकलं. "संध्याकाळी जोडणीच तुटते." संध्याकाळी दिव्यांचं काय होतं? पंप किंवा गिझर लावल्यावर एका खोलीतला दिवा मंद आणि दुसऱ्या खोलीतला जास्त उजळ, असं होतं का?

अंगणवेल

काका, आईला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "हो, वरचे दिवे जास्तच पेटतात आजकाल, दोन बल्ब गेले." बाबांच्या मते कंपनी हलके बल्ब बनवते.

खांबावरचा

बल्ब ठीक आहेत. आज संध्याकाळीच वायरमनकडून व्होल्टमीटरने व्होल्टेज मोजून घ्या. प्रत्येक फेज ते न्यूट्रल किती, आणि फेज ते फेज किती. खालचा गिझर चालू ठेवून. तोवर वरच्या मजल्यावरचा टीव्ही, राउटर, चार्जर सगळं काढून ठेवा.

चहाबिस्कुट

वायफायचा धागा होता हा!

अंगणवेल

मोजलं. खालच्या मजल्याचा फेज २०२, वरचा २६१, पंपाचा २५२. फेज-फेज तिन्ही ४१० च्या आसपास. गिझर बंद केला की तिन्ही जवळपास सारखे येतात.

खांबावरचा

न्यूट्रल सैल आहे. फेज-फेज जागेवर आणि फेज-न्यूट्रल लोडप्रमाणे डुलतोय, याचा दुसरा अर्थ सहसा निघत नाही. ज्या फेजवर लोड जास्त तिथे दाब (व्होल्टेज) उतरतो, हलक्या फेजवर चढतो. आज २६१ आहे. जोड पूर्ण सुटला तर हलक्या फेजवर साडेतीनशेच्या पुढेही जाईल, आणि मग बल्बवर भागणार नाही, फ्रिज-टीव्ही सगळं जाईल. सैल जोडावर ठिणग्या उडतात, त्याचा गोंगाट वायरीत पसरतो. संध्याकाळी लोड वाढला की तुमचे अडॅप्टर मान टाकतात, त्यात याचा हात असणार.

जोड कुठला सैल आहे ते शोधायचं. मेन स्विचच्या आतल्या बाजूला असेल तर तुमचा वायरमन करेल, मेन पूर्ण पाडून. मीटरच्या अलीकडे, सर्व्हिस वायरवर (खांबावरून मीटरपर्यंत येणाऱ्या वायरवर) किंवा खांबावर असेल तर कंपनीचा लाइनमन. चालू लाइनवर न्यूट्रल कुणीही सोडायचा नाही, तुमच्या वायरमननेही नाही. तो हातात आला की तेवढ्या क्षणात वरचा मजला जळतो. तोवर गिझर लावू नका.

अंगणवेल

वायरमनने मेन पाडून आतलं सगळं तपासलं. डीबीमधला न्यूट्रल लिंक घट्ट आहे, मेन स्विचपर्यंत सगळं ठीक. म्हणजे बाहेर.

कंपनीच्या ऑफिसात फोन केला तर पलीकडून उत्तर: "लाइट चालू आहे ना? मग तक्रार कसली?" एक माणूस येऊन खांबाकडे बघून गेला. "घरातलंच आहे" म्हणाला.

अधिनियम

ताई, "दिवे कमी-जास्त होतात" अशी तक्रार नोंदवली की ती खालच्या रांगेत जाते. शब्द बदला. १९१२ या क्रमांकावर नोंदवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या, आणि शिवाय सेक्शन ऑफिसात लेखी अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. मजकूर असा ठेवा:

"विषय: ग्राहक क्रमांक अमुक, न्यूट्रल सैल असल्याने धोकादायक दाब, तातडीने दुरुस्ती होणेबाबत. महोदय, आमच्या थ्री फेज जोडणीवर दिनांक अमुक रोजी सायंकाळी परवानाधारक ठेकेदाराने घेतलेली मापे: फेज-न्यूट्रल २०२, २६१, २५२, फेज-फेज ४१०. मीटरनंतरची मांडणी तपासली असून दोष नाही, ठेकेदाराचा अहवाल सोबत जोडला आहे. मीटरपूर्व भागातील न्यूट्रल जोड तपासावा. घरात ज्येष्ठ नागरिक राहतात. जीवितास व उपकरणांस धोका आहे."

मापं आणि ठेकेदाराची सही, या दोन गोष्टींनी "घरातलंच आहे" हे उत्तर बंद होतं. राज्य वीज नियामक आयोगाचे २०२१ चे विनियम आहेत, पुरवठा संहिता आणि कृतीची मानके. कुठल्या बिघाडाला किती वेळ, न पाळल्यास भरपाई किती, हे त्यात आहे. नाहीच ऐकलं तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, त्याचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपाल, मुंबई किंवा नागपूर. पण तुमचं प्रकरण तिथवर जायचं कारण नाही.

सीलबद्दलही लिहून ठेवतो, मामेभावासाठी. मीटरशी छेडछाड वीज कायदा २००३ च्या कलम १३५ खाली चोरीत धरली जाते, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तुमचा हेतू कपलरचा होता हे नंतर कुणाला पटवत बसणार? सील आधीच तुटलेलं दिसलं तरी लगेच लेखी कळवा.

विजेचा_धक्का

कागदी घोडे. ओळखीचा लाइनमन गाठा, दोनशे रुपयांत काम.

खांबावरचा

दोनशे रुपयांत वायरीला वेटोळं मारून मिळतं. ते पहिल्या पावसापर्यंत टिकतं. शिवाय तो पोरगा ओळखीखातर लाइन बंद ठेवण्याचं परमिट न घेता खांबावर चढला आणि चिकटला, तर कुणाला विचारणार? डीपी बंद करूनच काम होऊ द्या. अधिनियम यांचा अर्ज उत्तम आहे, तोच द्या.

अंगणवेल

अपडेट. अर्ज दिला, शिक्का घेतला. कनिष्ठ अभियंता स्वतः आले. चांगले गृहस्थ निघाले, मापं बघून लगेच क्लॅम्प मीटर काढला. लाइन बंद करून खांबावर पाहिलं. सर्व्हिस वायरची अॅल्युमिनियमची न्यूट्रल नुसती पिळून बांधलेली होती, काळी पडून अर्धी गळालेली. नवा कनेक्टर बसवून दिला, मीटरच्या अलीकडचा जोडही नवा केला. आता गिझर लावून २३४, २३८, २३७.

अडॅप्टर संध्याकाळी तुटायचे थांबले. वेग मात्र बारा-पंधराच्या वर नाही.

खांबावरचा

तो फेजचा प्रश्न, वेगळा. आता डीबीमध्ये फेज बदला. आणि मीटरनंतर एक व्होल्टेज प्रोटेक्शन रिले बसवून घ्या, दाब वर गेला की तो लाइन तोडतो. आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर तोही, ३० मिलिअँपिअरचा. अर्थिंगचा खड्डा शेवटचा कधी पाहिला होता?

लघुलहरी

अर्थिंगचा मुद्दा अडॅप्टरसाठीही आहे. नव्या जातीचे काही अडॅप्टर फेज-न्यूट्रलसोबत अर्थची वायरही सिग्नलला वापरतात. जुन्या घरांत सॉकेटची तिसरी पिन बऱ्याचदा शोभेची असते.

आणि अडॅप्टर भिंतीच्या सॉकेटमध्येच खोचा. स्पाइक गार्डच्या पट्टीत लावलात तर आतला फिल्टर सिग्नलच गिळतो. शेजारच्या सॉकेटला स्वस्त एलईडी किंवा मोबाइल चार्जर असेल तर तोही काढून बघा. वर बॅटरीचा इन्व्हर्टर आहे का? लाइट गेल्यावर त्याच्या सर्किटवरचे सॉकेट बाकी घरापासून तुटतात. राउटर इन्व्हर्टरवर आणि खालचा अडॅप्टर मेनवर असेल तर लोडशेडिंगमध्ये काहीच चालणार नाही.

तुलूझकर

स्मार्ट मीटरचं उत्तर राहिलं. मी फ्रान्समध्ये आहे, इथले लिंकी मीटर खरोखरच विजेच्या वायरीतून बोलतात. युरोपात ३ ते ९५ किलोहर्ट्झचा पट्टा वीज कंपन्यांना राखून ठेवलाय, ते त्यात. मीटर आले तेव्हा स्पर्शाने लागणारे काही दिवे रात्री आपोआप लागायला लागले, एक्स-१० वाल्यांनीही कुरकुर केली. बिघडणाऱ्या दिव्याला फिल्टर लावून भागतं. तुमचे मेगाहर्ट्झवाले अडॅप्टर त्या पट्ट्याच्या कितीतरी वर आहेत. भारतातले स्मार्ट मीटर बहुतेक मोबाइल नेटवर्क किंवा रेडिओवरून आकडे पाठवतात, त्यामुळे तिथे हा झगडाच नाही. बिलाबद्दलचा झगडा असेल तर तो निराळा धागा काढा.

अंगणवेल

फेज बदलून घेतला, स्वयंपाकघराचं सर्किट आता राउटरच्याच फेजवर. ७० च्या आसपास मिळतं, आईचे व्हिडिओ कॉल सुरळीत. पंपाची खोली मात्र स्वतंत्र फेजवरच ठेवली. वायरमनला जुन्या केबल टीव्हीचा पाइप सापडला, त्यातून कॅट-६ (नेटची केबल) ओढून मागे नेली. भिंत फुटली नाही, आई खूश.

दिव्यांसाठी बोर्डामागे बसणारे वायफाय स्विच घेतले. आपल्याकडच्या बोर्डात सॉकेट असतोच, त्यामुळे न्यूट्रल आयता मिळाला.

हडसनकाठी

ही भारतातली मोठी सोय आहे. इथल्या जुन्या घरांत स्विचच्या डब्यात न्यूट्रल सापडतच नाही, आणि निम्मे धागे त्याच रडगाण्याचे असतात. पंपाला काय लावताय?

अंगणवेल

१६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मागवलाय.

खांबावरचा

पंप प्लगवर नको. एक एचपीची मोटर चालताना जेमतेम पाच-सहा अँपिअर घेते, पण उठताना त्याच्या कितीतरी पट. प्लगमधला रिले चिकटेल, आणि चिकटला की पंप बंदच होणार नाही. स्मार्ट स्विचने फक्त काँटॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट विजेरी स्विचची) कॉइल चालवा, मोटरचा भार काँटॅक्टर उचलेल. ओव्हरलोड रिले आणि टाकीत फ्लोट स्विच (टाकी भरली की पंप तोडणारा) ठेवा. नेट बंद पडलं तरी पाणी वाहून जाता कामा नये. बाबांसाठी हाताने चालवायचं बटणही राहू द्या.

अंगणवेल

काका, प्लग परत पाठवते. काँटॅक्टरचं वायरमनला कळवलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

रिकामटेकडी

वाखू (वाचनखूण) साठवली. माझा प्रश्न: आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, सिंगल फेज, याच प्रकारचे अडॅप्टर. त्याच्या अॅपमध्ये माझ्या दोन अडॅप्टरऐवजी तीन दिसतात. तिसरा कुणाचा?

लघुलहरी

बहुधा तुमच्याच फेजवरच्या शेजाऱ्याचा. मीटर हा सिग्नल अडवत नाही, जिन्यातल्या सामाईक वायरीतून तो या घरातून त्या घरात जातो. खोक्यातून काढल्यावर सगळ्यांचं नेटवर्क नाव एकच असतं, ते न बदलता लावलं की जोड्या मिसळतात. म्हणजे तो तुमचं नेट वापरू शकतो, किंवा तुम्ही त्याचं. दोन्ही अडॅप्टरवरचं पेअरचं बटण कंपनीच्या सूचनेप्रमाणे पाठोपाठ दाबा, नवी गुप्त किल्ली तयार होईल. आजच करा.

रिकामटेकडी

केलं. आता दोनच दिसतात. आणि वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले, त्यांचं नेट बंद पडलंय म्हणे.